जुन्या बेसबॉलचे गाजलेले प्रसंग (१९०३ ते १९६१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. निम्मे अमेरिकेतल्या मराठी पालकांचे आहेत: मुलं लिटल लीगमध्ये खेळू लागतात, घरी येऊन 'बेब रूथ कोण?' विचारतात, आणि आईबाबांची पंचाईत होते. उरलेले क्रिकेटवेड्या मंडळींचे. एकच शंका दोन प्रश्नांत आली असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या खेळातल्या गाजलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच वर्तमानपत्रांनी आणि म्हाताऱ्या खेळाडूंनी रंगवून सांगितलेल्या आहेत. म्हणून घडलं काय आणि सांगितलं जातं काय, हे जमेल तिथे वेगळं केलं आहे.

१. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. पुढचं वाचायला किती माहिती पुरेल?

दोन्ही संघांना नऊ-नऊ इनिंग मिळतात आणि तीन जण बाद झाले की त्या संघाची इनिंग संपते. पाहुणा संघ आधी खेळतो, यजमान नंतर, त्यामुळे शेवटच्या फटक्यावर सामना जिंकण्याची संधी यजमानांनाच. चार बेस असतात, एकमेकांपासून ९० फुटांवर. चौथ्याला, म्हणजे होम प्लेटला, पोहोचलं की एक धाव. पिचरने (गोलंदाजाने) तीन स्ट्राइक, म्हणजे बॅटरला नीट मारता न आलेले योग्य चेंडू, टाकले की बॅटर बाद, चार चुकीचे चेंडू टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट. चेंडू थेट कुंपणापार गेला तर होम रन, आणि बेसवर उभे असलेले सगळे घरी येतात.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. बॅटरने चेंडू मैदानात मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं, आणि तिथे आधीच कोणी असेल तर त्याला दुसऱ्या बेसकडे सरकावं लागतं. त्याच्या आधी चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचला तर तो बाद. प्रश्न ४ मधला सगळा गोंधळ यावर उभा आहे.

सरासरी म्हणजे दर डावामागे धावा नव्हेत. फलंदाजीच्या किती संधींमध्ये यशस्वी फटका (ज्यावर बॅटर सुखरूप बेसवर पोहोचतो असा) बसला याचं ते प्रमाण असतं. .३०० म्हणजे दहात तीन, आणि ते उत्तम मानलं जातं.

२. सुरुवात १९०३ पासूनच का?

त्या वर्षी नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग (दोन्ही मिळून 'मेजर लीग') यांच्यात तह झाला. तेव्हापासून १९५२ पर्यंत तेच १६ संघ त्याच १० शहरांत खेळत राहिले. सगळ्यात पश्चिमेचं शहर सेंट लुईस, कारण प्रवास रेल्वेचा. १९५३ मध्ये बॉस्टनचे ब्रेव्हज मिलवॉकीला गेले आणि ही घडी मोडली. १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्कचे जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १९६१ ला थांबण्याचं कारण प्रश्न १५ मध्ये.

३. पहिली वर्ल्ड सिरीज कोणी जिंकली? आणि १९०४ ला ती झालीच नाही, हे खरं का?

वर्ल्ड सिरीज म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. १९०३ मध्ये बॉस्टनने पिट्सबर्ग पायरेट्सना ५-३ असं हरवलं. तेव्हा पाच सामने जिंकावे लागत. १९०४ मध्ये खरंच झाली नाही. नॅशनल लीगचे विजेते न्यूयॉर्क जायंट्स. त्यांचे मालक जॉन ब्रश आणि मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी अमेरिकन लीगला कमी दर्जाची ठरवून खेळायला नकार दिला. सरळ भाषेत, भांडण होतं. पुढच्या वर्षी ते निमूट खेळले, आणि जिंकलेही.

४. 'मर्कलची चूक' म्हणजे नेमकं काय? एका बेसला पाय लावला नाही म्हणून अख्खा हंगाम गेला?

२३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, धावसंख्या १-१, नववी इनिंग, दोन बाद. तिसऱ्या बेसवर मूस मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मधोमध मारला, मॅककॉर्मिक घरी पोहोचला, सामना जिंकला असं समजून प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला न शिवता अर्ध्या वाटेतून क्लबहाऊसकडे वळला. त्या काळी असं सगळेच करत.

कब्जच्या जॉनी एव्हर्सने मात्र चेंडू मागवला आणि दुसऱ्या बेसवर पाय ठेवून दाद मागितली. तो चेंडू खरा होता की दुसराच, यावर पुढे पन्नास वर्षं वाद झाले. जायंट्सच्या जो मॅकगिनिटीने खरा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला अशी त्यांची बाजू. अंपायर हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिलं. तिसरा बळी असा सक्तीच्या धावेत पडला की आधी पूर्ण झालेली धाव धरत नाहीत. गर्दीत पुढे खेळणं अशक्य, म्हणून सामना बरोबरीत सुटला.

ही दाद हवेतून आली नव्हती. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने हुबेहूब हीच मागणी केली होती, अंपायर तेच होते, आणि आपण पाहिलं नाही म्हणून त्यांनी ती फेटाळली होती. दुसऱ्या वेळी ते पाहत होते. मला तरी वाटतं, मर्कलपेक्षा जायंट्सच्या व्यवस्थापनाची चूक मोठी: तीन आठवड्यांपूर्वीची ताकीद त्यांनी वाचली नाही.

हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आले, ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला आणि कब्ज ४-२ ने जिंकले. मग वर्ल्ड सिरीजही जिंकले, आणि त्यानंतरची थेट २०१६ मध्ये. मर्कल १९२६ पर्यंत खेळला, पण लोक त्याला शेवटपर्यंत 'बोनहेड' म्हणून चिडवत राहिले.

५. १९२० च्या आधी होम रन इतके कमी का दिसतात?

'होम रन बेकर' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रँक बेकरने १९११ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले, आणि ते होते ११. एकच चेंडू मळून काळा आणि मऊ होईपर्यंत वापरत, पिचर त्याला थुंकी, तंबाखूचा रस, वाटेल ते फासत.

१९२० मध्ये थुंकी लावण्यावर बंदी आली. आधीपासून त्यावरच पोट असलेल्या १७ पिचरना निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. त्यांतला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत टाकत होता. १९२० मध्येच, १६ ऑगस्टला पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क यँकीजच्या कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मेजर लीगमध्ये चेंडू लागून मृत्यू झालेला तो एकमेव खेळाडू. यानंतर मळलेला चेंडू तत्परतेने बदलू लागले. हेल्मेट यायला मात्र तीस-पस्तीस वर्षं लागली.

६. १९१९ ची 'ब्लॅक सॉक्स' भानगड थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात: शिकागो व्हाइट सॉक्स हा त्या वेळचा तगडा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटी रेड्सकडून ५-३ असा हरला, कारण काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेतले होते. पहिल्या सामन्यात पिचर एडी सिकॉटने रेड्सच्या पहिल्याच बॅटरला चेंडू मारला. 'ठरल्याप्रमाणे होतंय' असा तो इशारा होता. पैशामागे न्यूयॉर्कचा आर्नॉल्ड रॉथस्टीन असल्याचं मानलं जातं, पण त्याच्यावर कधी आरोपपत्र आलं नाही.

वर्षभराने ग्रँड ज्युरीपुढे कबुल्या झाल्या. खटल्याआधी त्या कबुल्यांचे कागदच गहाळ झाले. २ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर, न्यायमूर्ती केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. कोर्ट काहीही म्हणो, सामने विकणाऱ्याला इथे जागा नाही, असा त्यांचा पवित्रा. मॅच फिक्सिंगच्या बातम्या वाचलेल्या क्रिकेट रसिकाला यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

७. शूलेस जो जॅक्सन दोषी होता की नाही? त्याने तर .३७५ ने फलंदाजी केली!

यावर सर्वाधिक पत्रं येतात, आणि बहुतेक त्याच्या बाजूने. .३७५ खरं आहे, १२ यशस्वी फटकेही खरे. पण त्याने ५,००० डॉलर घेतल्याची कबुली ग्रँड ज्युरीपुढे दिली होती. कबूल झाले होते २०,०००. पैसे घेऊन चांगलं खेळला म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही, असं माझं मत. कोर्टाबाहेर एका पोराने रडत 'खोटं आहे म्हण ना, जो' म्हटल्याची गोष्ट बहुधा वार्ताहराच्या लेखणीतून आली. जॅक्सनने स्वतः ती नाकारली होती.

खरी हळहळ वाटावी ती बक वीव्हरबद्दल. त्याने छदामही घेतला नाही, .३२४ ने खेळला, फक्त बेत माहीत असून तो गप्प राहिला. शिक्षा तीच. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे हे आठही जण आता त्या यादीत नाहीत. जॅक्सन वारला १९५१ मध्ये.

८. बेब रूथला एका नाटकासाठी विकलं, हे खरं का?

विकलं हे खरं. बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी नाट्यनिर्माते होते. त्यांनी डिसेंबर १९१९ मध्ये रूथला १ लाख डॉलरला यँकीजना दिलं, शिवाय यँकीजच्या मालकाकडून मोठं कर्जही घेतलं. ज्या गाजलेल्या संगीतिकेसाठी हे केलं असं सांगतात, ती ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. तारखा जुळत नाहीत. फ्रेझींना पैशांची नड होती आणि रूथ सांभाळायला कठीण होता, एवढं पुरेसं कारण आहे.

पुढचा हिशेब असा: १९१९ मध्ये २९ होम रन, १९२० मध्ये ५४, १९२७ मध्ये ६०, कारकिर्दीत ७१४. रेड सॉक्स १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकले ते २००४ मध्ये.

९. रूथने बोट दाखवून सांगून होम रन मारला होता का?

१ ऑक्टोबर १९३२, शिकागो, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, पाचवी इनिंग, ४-४. कब्जचे खेळाडू डगआउटमधून त्याला शिव्या देत होते, प्रेक्षक लिंबं फेकत होते. दोन स्ट्राइक झाल्यावर त्याने हात केला आणि चार्ली रूटचा पुढचा चेंडू सेंटरफील्डच्या (समोरच्या मधल्या भागाच्या) पार मारला. एवढं नक्की. प्रेक्षकांनी काढलेल्या फिल्ममध्ये हात वर झालेला दिसतो. पण रोख कुंपणाकडे, पिचरकडे की शिव्या देणाऱ्यांकडे, ते ठरत नाही. रूट म्हणत असे, त्याने कुंपण दाखवलं असतं तर पुढचा चेंडू मी त्याच्या अंगावर टाकला असता. मला हा युक्तिवाद पटतो. रूथने मात्र ही आख्यायिका कधी फारशी नाकारली नाही. कशाला नाकारेल?

१०. लू गेरिगला संधी मिळाली ती वॉली पिपचं डोकं दुखलं म्हणून, ना?

नाही. १९२५ मध्ये यँकीजच्या पिपची फलंदाजी घसरली होती आणि मॅनेजर मिलर हगिन्स यांनी संघ बदलला. पिपला डोक्याला चेंडू खरोखर लागला, पण महिनाभराने, सरावात. दोन घटना एकत्र होऊन गोष्ट तयार झाली. आणि गेरिगची सलग सामन्यांची मालिका सुरू झाली ती पिपच्या जागीही नव्हे: १ जूनला गेरिग दुसऱ्याच खेळाडूऐवजी एका संधीपुरता बॅटिंगला आला. पिपची जागा त्याने दुसऱ्या दिवशी घेतली.

तिथून सलग २,१३० सामने. २ मे १९३९ ला डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतःच मॅनेजरला सांगितलं, आज मला बसवा. जूनमध्ये, ३६ व्या वाढदिवसाला, एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराचं निदान झालं. ४ जुलैला यँकी स्टेडियममध्ये, ६१ हजारांहून अधिक लोकांपुढे, त्याने स्वतःला पृथ्वीतलावरचा सगळ्यात भाग्यवान माणूस म्हटलं. त्या भाषणाची संपूर्ण फिल्म उरलेली नाही, तुकडेच आहेत. त्याचा ४ नंबर कायमचा निवृत्त झाला. मेजर लीगमधला असा पहिला नंबर. २ जून १९४१ ला तो गेला. विक्रम मोडला कॅल रिपकेनने, १९९५ मध्ये.

११. १९४१ चं एवढं कौतुक का? आणि .४०० करणारा टेड विल्यम्स शेवटचा, हे अजून खरं आहे का?

त्या एका उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. यँकीजच्या जो डिमॅजिओने १५ मेपासून १६ जुलैपर्यंत सलग ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने त्याचे दोन जोरदार फटके अडवले आणि साखळी तुटली. दुसऱ्या दिवसापासून त्याने नवी, १६ सामन्यांची साखळी सुरू केली! डिमॅजिओचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा ५६ नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं: १९३३ मध्ये मायनर (दुय्यम) लीगमध्ये, सॅन फ्रान्सिस्को सील्सकडून, त्याने सलग ६१ केले होते.

दुसरी गोष्ट बॉस्टनच्या टेड विल्यम्सची. शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती, म्हणजे तीन अंकांत .४००. मॅनेजर जो क्रोनिन म्हणाले, हवं तर बस. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठात सहा फटके मारले आणि .४०६ वर थांबला. आज सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही बेसवरच्याला धाव मिळवून देणारा फटका) ही संधी म्हणून मोजत नाहीत, तेव्हा मोजत; आजच्या नियमाने आकडा आणखी वर गेला असता. तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू डिमॅजिओ ठरला.

'शेवटचा' या शब्दाला आता पुस्ती जोडावी लागते. २०२० मध्ये निग्रो लीग्जना (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग, पाहा प्रश्न १२) मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले. त्यामुळे जॉश गिब्सनचा १९४३ चा .४६६ आता तिथे आहे. कारकिर्दीच्या सरासरीतही टाय कॉबच्या .३६७ वर गिब्सनचा .३७२ गेला. विल्यम्सला नॅशनल आणि अमेरिकन लीगमधला शेवटचा म्हणा, वाद उरणार नाही.

१२. जॅकी रॉबिन्सन हा मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू का?

नॅशनल आणि अमेरिकन लीगमध्ये विसाव्या शतकातला पहिला. १८८४ मध्ये टोलेडोकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर खेळला होता. त्यानंतर लेखी नियम न करता, मालकांच्या आपसातल्या समजुतीने, दार बंद झालं. १९२० मध्ये रुब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली.

डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी १९४५ मध्ये रॉबिन्सनला करारबद्ध केलं, १९४६ मध्ये मॉन्ट्रियलला खेळवलं आणि १५ एप्रिल १९४७ ला एबेट्स फील्डवर उतरवलं. त्या दिवशी त्याला एकही यशस्वी फटका मिळाला नाही, पण एक धाव केली. ५ जुलैला लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून अमेरिकन लीगमध्ये आला.

रिकींच्या धैर्याची गोष्ट सगळे सांगतात, हिशेबाची कोणी सांगत नाही. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे होता त्यांना रिकींनी एक डॉलरही दिला नाही. नेवार्क ईगल्सच्या एफा मॅनली यांनी डोबीसाठी भांडून १५,००० मिळवले. चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक गेले, आणि काळ्या मालकांच्या लीग काही वर्षांत आटल्या. काळा खेळाडू घेणारा शेवटचा संघ बॉस्टन रेड सॉक्स; त्यांनी पम्प्सी ग्रीनला घेतलं १९५९ मध्ये, रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर. रॉबिन्सनचा ४२ हा नंबर १९९७ पासून सगळ्याच संघांत निवृत्त आहे, आणि दर १५ एप्रिलला सगळेच तो घालतात.

१३. १९५१ चा बॉबी थॉमसनचा होम रन चोरीचा होता का?

जायंट्स ऑगस्टमध्ये डॉजर्सपेक्षा साडेतेरा सामने मागे होते. मग शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकून त्यांनी बरोबरी गाठली आणि तीन सामन्यांचा निर्णय ठरला. ३ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर, तिसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगला डॉजर्स ४-१ पुढे. दोन फटके, एक बळी, व्हाइटी लॉकमनचा डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), ४-२. डॉन न्यूकोम्बच्या जागी राल्फ ब्रँका आला. त्याचा दुसरा चेंडू थॉमसनने डावीकडे प्रेक्षकांत मारला, ५-४. पुढचा बॅटर म्हणून उभा होता २० वर्षांचा विली मेज.

चोरी झाली, पण चेंडूची नव्हे, इशाऱ्यांची. सेंटरफील्डमागच्या क्लबहाऊसमधून दुर्बिणीने कॅचरची (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूची) पिचरला कोणता चेंडू टाक हे खुणावणारी बोटं पाहायची आणि तारेवरच्या बझरने बुलपेनला (राखीव पिचरच्या जागेला) कळवायचं, अशी व्यवस्था जायंट्सनी केली होती. २००१ मध्ये त्याचा तपशील छापून आला आणि जुन्या खेळाडूंनी दुजोरा दिला. त्या एका चेंडूचा इशारा मिळाला होता का? थॉमसन नाही म्हणत राहिला. माझ्या मते ३७ विजयांचं श्रेय दुर्बिणीला देता येत नाही, कारण बाहेरच्या मैदानांवरही ते भरपूर जिंकले. पण 'निर्मळ चमत्कार' म्हणणंही आता जमत नाही.

त्याच मैदानाची गंमत पाहा. डावी सीमा जेमतेम २७९ फूट, मधली सर्वात लांब ४८३. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विक वर्ट्झचा प्रचंड फटका मेजने पाठमोरा धावत झेलला तो या मधल्या माळरानावर. दुसऱ्या कुठल्याही मैदानात तो बहुधा होम रन ठरला असता.

१४. डॉन लार्सन आणि हार्वी हॅडिक्स: दोघांचेही 'परफेक्ट' सामने, मग यादीत एकच का?

परफेक्ट गेम म्हणजे सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचा एकही जण बेसवर पोहोचू न देणं. लार्सन हा तसा साधाच पिचर, १९५४ मध्ये २१ सामने हरलेला. ८ ऑक्टोबर १९५६ ला त्याने डॉजर्सविरुद्ध ९७ चेंडूंत सत्तावीसही बळी ओळीने मिळवले, २-०. वर्ल्ड सिरीजमध्ये परफेक्ट गेम तेवढा एकच.

पिट्सबर्गच्या हॅडिक्सने २६ मे १९५९ ला मिलवॉकीविरुद्ध त्याहून अवघड केलं: बारा इनिंग, ३६ बळी, एकही जण बेसवर नाही. पण त्याच्या संघाला धावच करता येईना. तेराव्या इनिंगला एका चुकीने माणूस बेसवर पोहोचला, हँक आरनला मुद्दाम पहिला बेस फुकट दिला, आणि जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. आरन मधूनच वळला, अॅडकॉक त्याच्या पुढे गेला, म्हणून होम रनचा डबल झाला आणि निकाल लागला १-०. १९९१ मध्ये व्याख्या कडक झाली की सामना संपेपर्यंत फटका बसता कामा नये. हॅडिक्स यादीतून गेला.

१५. यँकीजच्या रॉजर मॅरिसच्या ६१ होम रनपुढे खरंच तारांकित खूण होती का?

खूण कुठल्याच अधिकृत पुस्तकात नव्हती. तसं पुस्तकच लीग तेव्हा काढत नव्हती. १९६१ मध्ये अमेरिकन लीगचे संघ वाढले आणि सामने १५४ चे १६२ झाले. रूथचे ६० मोडायचे तर १५४ सामन्यांत मोडा, नाहीतर वेगळी नोंद होईल, असं कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी हंगामाच्या मध्यात जाहीर केलं. फ्रिक पूर्वी वार्ताहर होते आणि रूथच्या नावाने लेख लिहून देत, हेही सांगायला हवं. १५४ सामन्यांनंतर मॅरिसचे ५९ झाले. ६१ वा आला १ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, बॉस्टनच्या ट्रेसी स्टॅलार्डविरुद्ध, अर्ध्याहून रिकाम्या स्टेडियममध्ये. दोन नोंदींचा प्रकार १९९१ मध्ये रद्द झाला. तेव्हा मॅरिसला जाऊन जवळपास सहा वर्षं झाली होती.

१६. साडेतीन फुटांचा माणूस मेजर लीगमध्ये खेळला, ही थाप ना?

थाप नाही. १९ ऑगस्ट १९५१, सेंट लुईस ब्राउन्स. मालक बिल वीक यांनी ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गेडेलला १/८ नंबरचा शर्ट घालून बॅटिंगला पाठवलं. अंपायरने करार मागितला, तो खिशात तयार होता. चार चेंडू, चारही वर, पहिला बेस. तिथे बदली धावपटू आला. लीगने दोन दिवसांत बंदी घातली, पण नोंद राहिली.

१७. डॉन ब्रॅडमन आणि बेब रूथ कधी भेटले होते का?

हो, १९३२ मध्ये. ब्रॅडमन उत्तर अमेरिकेच्या क्रिकेट दौऱ्यावर होता, रूथ दुखापतीमुळे खेळत नव्हता, आणि दोघांनी यँकी स्टेडियमच्या बॉक्समध्ये शेजारी बसून सामना पाहिला.

१८. यातला कोणता विक्रम कधीच मोडणार नाही?

बहुतेक जण सांगतात पिचर साय यंगचे ५११ विजय किंवा डिमॅजिओचे ५६. माझं उत्तर जॉनी व्हॅन्डर मीर. सिनसिनाटीच्या या डावखुऱ्याने ११ जून १९३८ ला बॉस्टनला आणि लगेच १५ जूनला ब्रुकलिनला एकही यशस्वी फटका मिळू दिला नाही. दुसरा सामना एबेट्स फील्डवरचा पहिलाच दिव्याखालचा सामना होता. तो मोडायचा तर सलग तीन हवेत. व्हॅन्डर मीर स्वतः तिसऱ्याच्या मागे लागला होता. १९ जूनला चौथ्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या डेब्ज गार्म्सने सिंगल मारला, तोवर सलग २१ इनिंग आणि दोन बळी इतका वेळ त्याला कोणीच फटका मारला नव्हता.